वजन एकाचं, सवय घराची

ही पुस्तिका उघडणाऱ्याला आधी तक्ता हवा असेल. सकाळी सातला अमुक, अकराला तमुक, रात्री आठच्या आत तिसरंच काही. तसा तक्ता इथे दिलेला नाही. असे छापील कागद सोलापुरात पुष्कळ घरांत येऊन गेले आहेत. त्यांवर ओट्स असतात, ब्रोकोली असते, ऑलिव्हचं तेल असतं. ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं, अंबाडीची भाजी, शेंगाची चटणी यांना त्यात जागा नसते. घरात रोज भाकऱ्या थापल्या जात असताना एका माणसासाठी वेगळी कढई चढवायची, वेगळं सामान आणायचं, आणि हे सगळं जिला करायचं तिला कुणी विचारायचंही नाही, अशी त्या कागदाची रीत. पंधरवडाभर तो चालतो. मग सण येतो, पाहुणे येतात आणि घर पुन्हा आपल्या वळणावर जातं. कागद आणणाऱ्याला मात्र वाटत राहतं, की आपल्यातच जिद्द कमी पडली.

मला हे पटत नाही. वजन एका माणसाचं वाढतं, पण ते वाढवणाऱ्या सवयी घराच्या असतात. महिन्याला तेलाच्या किती पिशव्या आणायच्या, चहात साखर किती घालायची, रात्रीची पंगत आठला बसायची की साडेदहाला, पाहुण्याला पुन्हा वाढताना त्याचं 'नको' ऐकायचं की नाही, यातलं काहीच एकटा माणूस ठरवत नाही. म्हणून या पुस्तिकेतल्या सगळ्या सूचना घराला उद्देशून आहेत. ज्याला वजन कमी करायचंय त्याने ही पानं एकट्याने वाचू नयेत. स्वयंपाक करणाऱ्या आणि किराणा आणणाऱ्या माणसांबरोबर बसून वाचावीत.

इथल्या खाण्याच्या रीती कुठून आल्या, हे आधी पाहिलं पाहिजे. सोलापूर हा अवर्षणाचा जिल्हा. बहामनी काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारं लोकांसाठी उघडली, ही कथा कीर्तनांतून आजही सांगितली जाते. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ इथे फार कडक गेला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून सुकडी खाल्लेली, परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी गिळलेली माणसं आज आपल्या घरांत आजी-आजोबा म्हणून बसलेली आहेत. ताटात काही टाकू नये, पाहुण्याला पोटभर वाढल्याशिवाय उठू देऊ नये, लेकरू गुटगुटीत असावं, ही शिकवण या भुकेतून आली. तिच्यात माया आहे आणि ती पुसून टाकावी असं मी कधीच म्हणणार नाही. पण ती ज्या काळाला शोभत होती तो काळ सरला. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, उसाला पाणी मिळालं, आणि आज राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेला जिल्हा म्हणून सोलापूरचं नाव घेतलं जातं. रेशनवर गहू आणि तांदूळ मिळतो. तेल पिशवीत मिळतं. गिरण्या बंद पडल्या, सायकलच्या जागी दुचाकी आली. अन्नाची टंचाई हटली आणि अंगमेहनतही घटली, पण वाढण्याचा हात मात्र दुष्काळातलाच राहिला. "घ्या की ओ, एवढ्यानं काय होतंय!" हे वाक्य अजून प्रत्येक पंगतीत ऐकू येतं.

आपल्या शरीरावरही त्या भुकेचा परिणाम असल्याचं पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून दिसून आलं. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं इतकी लहान असूनही त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन यूडकिन यांनी स्वतःचीच मोजमापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा होता, २२.३. यूडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून सडपातळ दिसणाऱ्या माणसाच्या पोटात चरबी साठलेली असू शकते, हे सांगायला याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

म्हणून वजनकाट्यापेक्षा टेपवर माझा भरवसा जास्त आहे. सोलापूर गणवेश शिवणारं शहर आहे, शिलाईची टेप शेजारीपाजारी तरी सापडतेच. श्वास सोडून, पोट आत न ओढता, बरगड्यांची खालची कड आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावावी. भारतीयांसाठी पुरुषांची मर्यादा ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८० सेंटिमीटर मानली जाते. बीएमआयसुद्धा आपल्याकडे २३ च्या पुढे गेला की जास्त आणि २५ च्या पुढे स्थूल धरतात. पाश्चात्त्य तक्त्यातले २५ आणि ३० हे आकडे आपल्याला लागू करणं धोक्याचं आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या देशव्यापी पाहणीत पोटाची स्थूलता ३९.५ टक्के प्रौढांत आणि मधुमेह ११.४ टक्के प्रौढांत आढळला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले आणखी १५.३ टक्के. ज्या घरात चार-पाच मोठी माणसं आहेत त्या घरात यांतलं कुणीतरी असणार, असं धरून चाललेलं बरं.

आता ताटाकडे वळू. सोलापूरच्या ताटाचा मान भाकरीला. मोहोळच्या संशोधन केंद्रात गेल्या शतकातल्या तिसाच्या दशकात निवडलेला माळदांडी ३५-१ हा ज्वारीचा वाण आजही रब्बीत डौलाने उभा राहतो, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हा अभिमान रास्त आहे. पण ज्वारी खाल्ली की वजन उतरतं, असं जे सर्रास सांगितलं जातं ते खरं नाही. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात जवळपास तेवढ्याच कॅलरी असतात जेवढ्या गव्हाच्या कणकेत, म्हणजे सव्वातीनशे ते साडेतीनशेच्या आसपास. ज्वारीचा गुण वेगळ्या ठिकाणी आहे. भाकरी थापताना तेल लागत नाही, घडीच्या पोळीला लागतं. तंतू भरपूर असल्याने भाकरी पोटात बराच वेळ टिकते. कडक भाकरी तर चावूनच खावी लागते, ती घाईने पोटात ढकलता येत नाही. चावायला वेळ गेला की पोट भरल्याची जाणीव व्हायला अवधी मिळतो आणि हात आपोआप आवरतो. तेव्हा भाकरी जरूर खावी, पण मोजून खावी. रोजच्या तीनच्या दोन करून त्या जागी वाटीभर उसळ आणि वाटीभर पालेभाजी वाढवली, तर उपाशी राहिल्याची भावना येत नाही. शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत भाताला हाच न्याय लावावा. भात एकदाच वाटीने घ्यायचा आणि दुसऱ्यांदा हात पसरायचा तो डाळीसाठी, भाजीसाठी.

शेंगाच्या चटणीबद्दल लिहिताना माझा हात जड होतो, कारण ती आवडत नाही असा सोलापूरकर मी पाहिलेला नाही. उखळात कुटताना शेंगांना तेल सुटतं आणि तीच तिची चव. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण ५५० कॅलरी असतात. दोन मोठे चमचे चटणी म्हणजे दीडशेच्या घरात. त्यावर पुन्हा तेलाची धार सोडायची आपली पद्धत आहे. भाजीत कूट, आमटीत कूट, शेंगापोळीत शेंगा. शेंगा वाईट नाहीत. त्यांत प्रथिनं आहेत आणि चरबीही बऱ्याच अंशी चांगल्या प्रकारची आहे. हट्ट धरायचा तो एवढाच, की एका जेवणात शेंगा एकाच रूपाने याव्यात. चटणी असेल त्या वेळी भाजीत कूट नको. चटणीवर तेलाऐवजी दही घ्यावं. चव जात नाही, उलट तिखट जरा सुसह्य होतं.

तेलाचा हिशेब मात्र प्रत्येक घराने मांडलाच पाहिजे, आणि तो चमच्याने मांडू नये. फोडणी घालताना चमचा कोण मोजतं? महिन्याच्या पिशव्या मोजाव्यात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसाच्या २००० कॅलरींच्या आदर्श ताटात माणशी २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. चार माणसांच्या घराला महिन्याचे सव्वातीन किलो, म्हणजे एक लिटरच्या साडेतीन पिशव्या. समजा एखाद्या घरात पाच लागतात आणि त्याने साडेतीनवर यायचं ठरवलं. दीड लिटर तेल म्हणजे बारा हजारांहून जास्त कॅलरी. चौघांत वाटल्या तर माणशी रोज शंभर. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी साठलेल्या असतात, म्हणजे वर्षाला कागदावर माणशी पावणेपाच किलो. प्रत्यक्षात इतकं उतरत नाही, कारण वजन घटत गेलं की शरीराचा रोजचा खर्चही घटतो. पण त्याच्या निम्मं जरी उतरलं, तरी घरातल्या कुणालाही वेगळं ताट न वाढता ते उतरलेलं असेल. मला या एका बदलाचं महत्त्व सगळ्यांत जास्त वाटतं. याला खर्च नाही, उलट पैसे वाचतात. याला जिद्द लागत नाही, किराणा मालाच्या यादीत एक आकडा बदलावा लागतो.

साखरेचंही तसंच. दिवसाला चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे ४० ग्रॅम साखर, महिन्याला एका माणसाची सव्वा किलो. राष्ट्रीय पोषण संस्था दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते. एकदम बंद करू नका. घरातल्या सगळ्यांच्या चहातून आठवड्याला पाव चमचा कमी करत गेलात, तर दोन महिन्यांत जीभ नव्या गोडीला सरावते आणि जुना चहा पाकासारखा लागू लागतो. चहासोबतच्या खारी, टोस्ट, फरसाण यांचं मात्र थेट सांगतो. ते घरात आणूच नये. डब्यात असलेलं खाल्लं जातं, नसलेलं खाल्लं जात नाही. फळांच्या बाबतीत आपलं नशीब थोर आहे, डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आपल्याच केगावला आहे आणि सोलापूरच्या डाळिंबाला मानांकन आहे. डाळिंब दाणे सोलून खावं. रस काढला की तीन फळांची साखर एका पेल्यात उतरते आणि चोथा मागे राहतो.

उपासाविषयी थोडं. एकादशी, श्रावणी सोमवार, गुरुवार, संकष्टी धरली तर काही घरांत महिन्याला सहा-सात उपास होतात, आणि माणसं त्याच बळावर वजन उतरण्याची वाट पाहतात. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. त्यात मूठ-दोन मुठी कूट आणि पळीभर तूप पडलं की खिचडीची एक ताटली रोजच्या जेवणाला मागे टाकते. संध्याकाळी वेफर्स आणि पेढा निराळा. भगर, ताक, काकडी, उकडलेलं रताळं, एखादं फळ एवढ्यावरही उपास होतो, आणि व्रताच्या मूळ हेतूशी तो जास्त जुळतो असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट पुरुष वाचकांनी नीट वाचावी. पुष्कळ घरांत बाई शेवटी जेवते. सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यात राहिलेला भात, मुलाने अर्धवट टाकलेली पोळी, वाटीच्या तळाची आमटी 'वाया जाऊ नये' म्हणून तिच्या ताटात जाते. भूक तेवढी असो वा नसो. भाजी संपलेली असली तर चटणी आणि तेलावर ती दोन भाकऱ्या संपवते. मग तिचं वजन वाढतं आणि घरातले म्हणतात, ही तर काहीच खात नाही, तरी कशी सुटली? यावरचा उपाय तिच्या हातात नाही, घराच्या हातात आहे. सगळ्यांनी एकत्र बसावं, तिची भाजी आणि उसळ आधी वाटीत काढून ठेवावी, उरलेलं झाकून फ्रिजमध्ये जावं, आणि दुसऱ्या दिवशीचा अंदाज तेवढा कमी करावा. या पुस्तिकेतला 'ताट' हा विभाग याच एका मुद्द्यावर सगळ्यांत लांब झाला आहे आणि तो मी मुद्दाम लांब ठेवला आहे.

दोन वेळा जेवण्याच्या पद्धतीबद्दल प्रत्येक जण विचारतो, म्हणून इथेच सांगतो. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला विचार लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगाव व्याख्यानं देऊन पोहोचवला. कडक भुकेच्या दोन वेळा ओळखायच्या, त्या वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवायचं, मध्ये काही खायचं नाही, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. २०१८ मध्ये राज्य शासनाने स्थूलताविरोधी मोहिमेसाठी डॉ. दीक्षितांना सदिच्छादूत केलं. ही पद्धत साधी आहे, फुकट आहे, मराठीत आहे. म्हणूनच ती घराघरांत गेली, आणि याचं श्रेय त्यांना मोकळेपणाने दिलं पाहिजे. तिच्या यशामागचं मोठं कारण मला असं दिसतं, की मधले चार चहा, बिस्किटं, फरसाण एका फटक्यात बंद होतात. ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं. पण मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण सोडू नये. साखर अचानक उतरून माणूस कोसळू शकतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आणि वाढत्या वयातल्या मुलांनी या वाटेला जाऊ नये. शिवाय दोन जेवणांत पानभर गोड आणि तळण घेतलं, तर वेळा पाळूनही पदरात काही पडत नाही. २०२५ मध्ये माउंजारो आणि वेगोवी ही वजन उतरवणारी इंजेक्शनं आपल्याकडे विक्रीला आली. ती कुणाला द्यायची हा डॉक्टरांचा निर्णय आहे. घेणाऱ्यालाही रोजचं ताट सुधारावंच लागतं.

चालण्याची सोलापूरला नव्याने शिकवण नको. कोजागरीला इथून हजारो माणसं तुळजापूरला पायी जातात, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरची वाट रात्रभर तुडवतात. आषाढीला पंढरपूरची वाट धरतात. अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करतात. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्यांचा महिनाभर आधीपासूनचा सराव पाहिला, की या गावाच्या अंगातली ताकद कळते. पण ही ताकद वर्षातून दोनदा-तीनदा दिसते आणि बाकीचे दिवस कोपऱ्यावरच्या दुकानातही गाडीवरून जाणं होतं. शरीराला वर्षाच्या एका मोठ्या चालीपेक्षा रोजच्या छोट्या चालीचा उपयोग जास्त. दिवसाला दहा हजार पावलांचा आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्रावरून रूढ झाला, तो डॉक्टरांनी ठरवलेला नव्हता. अमेरिकेत वयस्क स्त्रियांवर केलेल्या २०१९ च्या अभ्यासात रोज साडेचार हजारांच्या आसपास पावलं चालणाऱ्यांतही मृत्यूचं प्रमाण लक्षणीय कमी दिसलं, आणि साडेसात हजारांनंतर फायदा फारसा वाढला नाही.

चालण्याने वजन किती उतरतं, हेही खरं सांगायला हवं. सत्तर किलोच्या माणसाने साडेचार किलोमीटर झपाझप चाललं तर दोनशे ते अडीचशे कॅलरी खर्च होतात. दोन मोठे चमचे तेलात तेवढ्याच असतात. म्हणजे सिद्धेश्वर तलावाला फेऱ्या मारून येताना गरम भजी खाल्ली, की चालणं वजनाच्या हिशेबातून गेलंच. तरीही चालावं, कारण चालण्याने साखर आणि रक्तदाब आटोक्यात राहतो, झोप लागते, आणि उतरलेलं वजन टिकवायला चालण्याइतका दुसरा आधार नाही. जेवणानंतरची शतपावली तर पुन्हा सुरू करावीच. शंभर पावलांवर थांबू नये, दहा-पंधरा मिनिटं चालावं. जेवणानंतर रक्तात चढणारी साखर त्याने कमी चढते. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा सकाळी सातच्या आत किंवा रात्री गच्चीवर. ज्या गल्लीत दिवे नाहीत, कुत्री अंगावर येतात, तिथल्या बायकांना 'बाहेर पडून चाला' असं सांगणं सोपं आहे. त्यांनी चौघी-पाचजणींनी मिळून निघावं. पार्क मैदान, संभाजी तलाव अशा जागा सकाळी गजबजलेल्या असतात. आणि दिव्यांसाठी नगरसेवकाच्या मागे लागणं हाही वजन कमी करण्याच्या कामाचाच भाग समजावा.

पुस्तिका लिहिताना सतत डोळ्यांपुढे होत्या त्या विडी वळणाऱ्या बायका. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत, पूर्व भागातल्या गल्ल्यांत मांडीवर सूप घेऊन त्या तासन्‌तास बसतात. मजुरी हजार विड्यांवर ठरते, त्यामुळे उठलं की रोजगार बुडतो. त्यांना व्यायामशाळा सुचवणं म्हणजे त्यांच्या जगण्याकडे न पाहणं. त्यांच्यासाठी एवढंच जमण्यासारखं आहे, की ठरावीक कट्टे बांधून झाले की उठायचं, घागरभर पाणी आत ठेवायचं किंवा दारापर्यंत दोन फेऱ्या घालायच्या, आणि पुन्हा बसायचं. काम करताना शेजारी ठेवलेला मुरमुऱ्या-फरसाणाचा डबा हलवून तिथे ताकाचा तांब्या ठेवायचा. यंत्रमागावरच्या कामगाराची अडचण उलट आहे. तो पाळीभर उभा असतो, पण वडापाव आणि गोड चहावर पाळी काढतो आणि रात्रपाळीनंतर सलग झोपत नाही. झोप मोडली की भूक वाढते, तीही गोडाची आणि तळणाची. त्याच्या डब्यात भाकरी आणि घट्ट पिठलं गेलं, उकडलेली दोन अंडी गेली, तर वड्याची गरज अर्धी होते. आणि दिवसा त्याच्या झोपेची खोली अंधारी आणि शांत ठेवणं, हे घराचं काम.

वजन उतरायला लागलं की दोन-तीन महिन्यांत ते थांबतं, आणि तिथे बहुतेक जण सोडून देतात. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या एका अभ्यासात दहा आठवडे अगदी कमी खाऊन वजन उतरवलेल्या माणसांची वर्षभराने तपासणी केली. भूक वाढवणारी संप्रेरकं तेव्हाही चढलेलीच होती. शरीर जुन्या वजनाकडे ओढत राहतं, त्यात माणसाचा दोष नसतो. म्हणून महिन्याला दहा किलोची जाहिरात करणाऱ्यांपासून लांब राहा. महिन्याला किलो-दीड किलो पुष्कळ झालं, आणि ते थांबलं तरी घराने धरलेल्या सवयी सोडू नयेत. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासाने मला फार धीर दिला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या भारतीयांना आहार आणि चालणं यांचं नियमित मार्गदर्शन मिळालं, तेव्हा मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, आणि तेही वजनात फारसा फरक न पडता. काटा हलला नाही तरी शरीरात चांगलं घडत असतं.

आता पानं उलटण्याआधी एक काम करा. घरातल्या तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची कंबर टेपने मोजा आणि आकडा कॅलेंडरवर तारखेपुढे लिहा. जो ९० च्या, जी ८० च्या पुढे असेल, त्यांनी याच आठवड्यात रक्तातली साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. तीस वर्षांवरच्या सगळ्यांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांत ही तपासणी मोफत होते.